शनिवारी घाणा बंद

चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तन उभे राहिले, म्हणजे बुवांचे गाव कोणते, कूळ कोणते, हे विचारावे असे ऐकणाऱ्याच्या मनातही येत नाही. वीणा गळ्यात, चिपळ्या हातात, मागे टाळकरी, साथीला मृदंग. एकदा अभंगास आरंभ झाला की माणूस त्यात रमून जातो. पंढरपुराने महाराष्ट्राला जे दिले, त्यात हे कीर्तन फार मोलाचे आहे. ज्यांच्या हाती कधी पोथी आली नाही, अशा खेड्यापाड्यांतील लोकांना धर्म, नीती आणि गोड मराठी भाषा कीर्तनाने शिकविली.

हेच कीर्तन इ. स. १८८० च्या सुमारास मुंबईत एका निराळ्याच मंडळीत उभे राहिले. श्रोते मराठी बोलणारे, स्त्रिया लुगडी नेसलेल्या, पदे मराठी, साक्या आणि दिंड्याही मराठी. परंतु आख्यान ध्रुवाचे नव्हते की हरिश्चंद्राचे नव्हते. ते होते आब्राहामाचे, भावांनी विकून टाकलेल्या योसेफाचे, मिसर देशाच्या राजाच्या तावडीतून आपल्या लोकांना सोडविणाऱ्या मोशेचे. डेव्हिड हाईम दिवेकर हे या कीर्तनकारांतील एक अग्रणी होत. नाव डेव्हिड आणि आडनाव दिवेकर! हे लोक बेने इस्रायल. 'बेने इस्रायल' या हिब्रू शब्दांचा अर्थ 'इस्रायलाची लेकरे'. धर्माने ते ज्यू, ज्यांना आपल्याकडे यहुदी असेही म्हणतात. आणि पंढरपूरचा जसा पंढरपूरकर, तसे ते नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चेऊलचे चेऊलकर.

ते कोकणात आले कसे, याची कथा त्यांच्या घराघरांत सांगितली जाते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या देशावर परक्या राजाचा अंमल होता. त्या राजाने त्यांच्या देवाची उपासना करण्यास बंदी घातली. जुलमाला कंटाळून काही कुटुंबे गलबतात बसून निघाली. चेऊल बंदराजवळ, आजच्या रायगड जिल्ह्यातील नवगावच्या किनाऱ्यापाशी, ते गलबत खडकावर आपटून फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली बाकीच्यांची प्रेते गावकऱ्यांच्या साहाय्याने तेथेच पुरण्यात आली. नवगावास त्या पुरातन थडग्यांचे उंचवटे दाखवितात. तेथे आता एक स्मारकस्तंभही उभा आहे. या घटनेचा काळ नक्की कोणता, यावर विद्वानांत एकमत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात या लोकांच्या रक्तात मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा वारसा आढळून आला. कथेतील तपशील काहीही असोत, एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. या समाजाने महाराष्ट्रातील आपल्या इतिहासाचा आरंभ एखाद्या विजयापासून सांगितला नाही. तो आपल्या मृतांच्या थडग्यांपासून सांगितला.

गलबताबरोबर त्यांचे धर्मग्रंथही बुडाले. पुढे पिढ्यानुपिढ्या हिब्रू भाषा विसरली गेली, प्रार्थना विसरल्या गेल्या. उरली ती एकच प्रार्थना, 'देव एक आहे' असे सांगणारी शेमा. जन्म असो, विवाह असो अथवा मरण असो, ते तीच म्हणत. याखेरीज त्यांनी मुलाची सुंता सोडली नाही, ज्या माशाला खवले आणि पर नाहीत असा मासा खाल्ला नाही, आणि शनिवार सोडला नाही.

शनिवारची गोष्ट जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. हे लोक कोकणात तेल गाळण्याचा धंदा करू लागले. खेड्यातल्या तेल्याचे जीवन मोठे कष्टाचे. भल्या पहाटे बैल घाण्याला जुंपावा, त्याच्या डोळ्यांवर झापडे बांधावी आणि दिवसभर त्याच्यामागून फिरावे. गावाला रोज तेल लागे, कारण दिवे तेलाचे आणि फोडणीही तेलाची. असे असूनही शुक्रवारी दिवस मावळला की यांचा घाणा थांबे, तो शनिवारी दिवस मावळेपर्यंत फिरत नसे. सहा दिवस काम करावे आणि सातव्या दिवशी स्वतः विश्रांती घ्यावी, चाकराला द्यावी, जनावरालाही द्यावी, अशी त्यांच्या धर्माची आज्ञा आहे. म्हणजे तो दिवस बैलाचाही सुटीचा! दुसऱ्या तेल्यांचे घाणे सोमवारी बंद असत. त्यावरून गावकरी त्यांना सोमवार तेली आणि यांना शनिवार तेली म्हणू लागले. आपला धर्म कोणता, हे ज्यांना स्वतःलाही नीट सांगता येत नव्हते, त्यांची ओळख अशा रीतीने एका बंद घाण्याने राखली. पुढे डेव्हिड राहबी नावाचा एक विद्वान ज्यू गृहस्थ कोकणात आला. (तो कोणत्या शतकात आला याविषयी मतभेद आहे.) त्याने हा शनिवार पाहिला, यांच्या घरात कोणते मासे शिजतात तेही पाहिले, आणि ही आपलीच माणसे असे ओळखले. त्याने तीन घराण्यांतील पुरुषांना धर्मविधी शिकविले. त्यांना काजी म्हणत.

यांच्या सणांची नावे ऐकली तर कोणाही मराठी माणसाला नवल वाटेल. वर्षारंभ तो 'नव्याचा सण'. पापांची क्षमा मागण्याचा, दिवसभर दारे लावून उपवास करण्याचा दिवस तो 'दारफाळणीचा सण'. आणि एक दिवस आहे 'बिरड्याचा रोजा'. हा दिवस दुःखाचा. जेरुसलेम नगरीतील ज्यूंचे मंदिर प्रथम बाबिलोनच्या सैन्याने ख्रिस्तपूर्व ५८६ मध्ये आणि दुसऱ्यांदा रोमच्या सैन्याने इ. स. ७० मध्ये पाडले. त्या दोन्ही आघातांचे स्मरण म्हणून जगातील ज्यू लोक आषाढ-श्रावणाच्या सुमारास येणाऱ्या त्या तिथीला अन्नपाणी वर्ज्य करून जमिनीवर बसतात आणि विलापगीते वाचतात. कोकणातील बेने इस्रायलांच्या घरी या सुमारास मांस शिजत नसे. वाल भिजवून, मोड आणून, सोलून केलेले बिरडे खात. म्हणून तो बिरड्याचा रोजा. 'रोजा' हा शब्द मुसलमान शेजाऱ्याकडून घेतलेला, बिरडे कोकणच्या स्वयंपाकघरातले, आणि शोक हजारो कोस दूरच्या, डोळ्यांनी कधी न पाहिलेल्या मंदिराचा! माणूस परक्या मुलखात रुजतो आणि तरीही आपले दुःख विसरत नाही, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

घरात कोणी वारले, तर त्यांचे विधी साधे असतात. श्रीमंत असो वा गरीब, प्रेताला पांढरे वस्त्र एकाच तऱ्हेचे. जवळचे नातलग आपल्या वस्त्राला एक चीर पाडतात. सात दिवस ते घराबाहेर कामाला जात नाहीत आणि खाली बसून असतात. पहिले जेवण त्या घरी शिजवायचे नसते. ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणायचे. आपल्याकडे सुतकाच्या घरी शेजारीण पिठले-भात घेऊन जाते, तसेच हे. मृताच्या मुलाने म्हणावयाच्या प्रार्थनेला कद्दिश म्हणतात. तिच्यात मरणाचा एकही शब्द नाही. सगळी ईश्वराची स्तुती आहे. मात्र ती एकट्याने म्हणता येत नाही. परंपरेप्रमाणे निदान दहा प्रौढ पुरुष उपस्थित असावे लागतात. कोणाच्याही दुःखात दहाजणांनी आपले काम टाकून आले पाहिजे, हाच त्या नियमाचा अर्थ.

अठराव्या शतकात कोकणातील पुष्कळ बेने इस्रायल मुंबईस गेले आणि कंपनी सरकारच्या पलटणींत शिरले. त्यांपैकी सामाजी हसाजी दिवेकर हा एक सुभेदार. त्याला सॅम्युएल इझिकेल असेही म्हणत. म्हैसूरच्या लढाईत तो शत्रूच्या हाती सापडला. असे सांगतात की, कैद्यांना ठार मारण्याची वेळ आली तेव्हा त्याला त्याची जात विचारण्यात आली. त्याने 'बेने इस्रायल' असे उत्तर दिले. ते नाव टिपू सुलतानाच्या आईने ऐकले. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते हेच लोक, असे म्हणून तिने त्याला जीवदान देवविले. सुटून आल्यावर त्याने १७९६ साली मुंबईत एक प्रार्थनामंदिर बांधले. ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला सिनेगॉग म्हणतात. पण बेने इस्रायल त्याला मशीदच म्हणत. मुंबईच्या मस्जिद या रेल्वे स्थानकाचे नाव या मशिदीवरून पडले, असेही सांगतात.

मुंबई-पुण्यात त्यांनी विद्येतही नाव मिळविले. १८७४ साली पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी हिब्रू मजकूर व मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातील चित्रात बिनखमिराच्या भाकरी करीत बसलेल्या बायका लुगडे नेसलेल्या आहेत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या खटपटीने १८७५ साली मुंबईत या समाजाची शाळा निघाली. रिबेका रूबेन या विदुषी तेथे अनेक वर्षे मुख्याध्यापिका होत्या. आज माझगाव भागातील त्या शाळेत ज्यू मुले जवळजवळ नाहीत. बहुतेक विद्यार्थी मुसलमान आहेत आणि शाळा चालू आहे.

महाराष्ट्राने या लोकांना कधी छळले नाही, ही गोष्ट खरी आहे. त्यांच्या मंदिरांवर येथे कोणी चाल करून गेले नाही, त्यांना गावाबाहेर हाकलले नाही. मात्र तेवढ्यावरून फार फुशारकी मिरविण्याचे कारण नाही. तेल गाळणाऱ्याला गावाच्या उतरंडीत जी खालची पायरी मिळे, तीच यांनाही मिळाली. माणसाला दूर ठेवण्याची विद्या आपल्या देशात कोणाला परक्यांकडून शिकावी लागली नाही. पंढरपुरात महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळून ते गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी आणल्या, आणि त्या देवळाच्या आत नव्हे, बाहेर ठेवाव्या लागल्या. त्या देवळाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. खुद्द बेने इस्रायल समाजातही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता, आणि गोरे काळ्यांशी लग्नसंबंध करीत नसत.

हीच विद्या एकदा त्यांच्यावरही उलटली. एकोणिसाव्या शतकात बगदादहून श्रीमंत ज्यू व्यापारी मुंबईस आले. पुण्याचे 'लाल देऊळ' त्यांच्यापैकीच डेव्हिड ससून यांनी बांधविलेले. आरंभी दोन्ही समाज एकत्र प्रार्थना करीत. पुढे बगदाद्यांना वाटू लागले की, हे सावळ्या रंगाचे, मराठी बोलणारे लोक अस्सल ज्यू नसावेत. १८३६ साली त्यांच्यापैकी काहींनी सरकारकडे अर्ज केला. मागणी अशी की, ज्यूंच्या दफनभूमीत आपली थडगी आणि बेने इस्रायलांची थडगी यांच्यामध्ये एक भिंत घालावी. जिवंत माणसांत भिंती असतात हे सर्वांना ठाऊक आहे. ही मेलेल्यांमध्ये मागितलेली भिंत होती! प्रार्थनेला लागणाऱ्या दहाजणांत बेने इस्रायलाला मोजावे की नाही, यावरही पुढे बरीच वर्षे वाद चालला.

युरोपात ज्यूंच्या वाट्याला जे आले, ते याहून फार भयंकर होते. तेथे शेकडो वर्षे त्यांना वेगळ्या वस्तीत कोंडले, विहिरीत विष घालणारे म्हणून जाळले, रोगराई आली तरी दोष त्यांच्यावर ठेवला. या वैराला ज्यूद्वेष म्हणतात. १९३३ साली जर्मनीत हिटलरच्या हाती सत्ता आली आणि हा द्वेष सरकारचे धोरण बनला. मुंबईने १९३७ साली डॉ. ई. मोझेस राजपुरकर या बेने इस्रायल गृहस्थाला महापौर निवडले. त्यानंतरच्याच वर्षी, १९३८ च्या नोव्हेंबरात, जर्मनीत एका रात्री शेकडो सिनेगॉग जाळण्यात आले. एकीकडे ज्यू माणूस नगरीचा प्रथम नागरिक, दुसरीकडे त्याच धर्माच्या माणसाला रस्त्याने चालण्याची चोरी! दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत नाझींनी सुमारे ६० लाख ज्यू स्त्री-पुरुष आणि मुले ठार मारली. तेथून निसटलेल्या काही डॉक्टर, चित्रकार आणि संगीतकारांना मुंबईने आसरा दिला. परंतु १९३९ साली युद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने त्यांतील कित्येकांना जर्मन नागरिक म्हणून अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या छावणीत अटकेत ठेवले. जर्मनीने ज्यांना जर्मन नव्हे म्हणून हाकलले, ते येथे जर्मन म्हणून धरले गेले. चौकशीअंती पुष्कळांची सुटका झाली.

१९४८ साली इस्रायल हे ज्यूंचे राष्ट्र स्थापन झाले आणि हजारो बेने इस्रायल तिकडे गेले. महाराष्ट्राने त्यांना घालविले नव्हते. धर्मग्रंथांत वाचलेल्या भूमीच्या ओढीने ते गेले. तेथे मात्र त्यांना अनपेक्षित प्रश्न ऐकावा लागला. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने आज्ञा काढली की, बेने इस्रायल मुलामुलींचा विवाह इतर ज्यूंशी लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्यांनी ग्रंथ नसता, गुरू नसता, दीड-दोन हजार वर्षे शनिवार पाळला, त्यांना 'तुम्ही ज्यू आहात कशावरून?' असे ज्यूंनीच विचारावे! हे ऐकून ते लोक संतापले. पण त्यांनी हात उगारला नाही. भारतात पाहिलेला मार्ग त्यांनी धरला. १९६४ च्या उन्हाळ्यात स्त्रिया आणि मुले यांसह ते जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले. अखेर ऑगस्ट महिन्यात इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे घोषित केले, आणि धर्मपीठाने आपल्या आज्ञेतून त्यांचे नाव वगळले.

ज्यांनी महाराष्ट्र सोडला नाही, त्यांना ज्यूद्वेष ही पुस्तकात वाचण्याची गोष्ट वाटत असे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तो द्वेष मुंबईत येऊन पोहोचला. पाकिस्तानातून समुद्रमार्गे आलेल्या अतिरेक्यांनी शहरात १६६ माणसे मारली. त्यांतील दोघे कुलाब्याच्या एका गल्लीतील नरिमन हाऊसमध्ये शिरले. ही इमारत मोठी नव्हे, प्रसिद्धही नव्हे. मुद्दाम शोधल्याखेरीज ती कोणास सापडली नसती. तेथे राब्बी, म्हणजे धर्मगुरू, गॅब्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का हे प्रवासी ज्यूंसाठी घर चालवीत असत. ते दोघे आणि त्यांच्याकडे आलेले चौघे असे सहाजण तेथे मारले गेले. त्यांचा अवघा दोन वर्षांचा मुलगा मोशे आईबापांजवळ रडत होता. खालच्या खोलीत लपलेली त्याची दाई सँड्रा सॅम्युएल हिने ते रडणे ऐकले. ती स्वतः ख्रिस्ती. जिना चढून ती वर गेली, मुलाला उचलले आणि बाहेर धावत आली.

काही दिवसांनी मुंबईतील सिनेगॉगमध्ये शोकसभा भरली. प्रार्थना चालू असता लहानगा मोशे "इमा, इमा" म्हणून हाक मारू लागला. 'इमा' हा हिब्रू शब्द; त्याचा अर्थ 'आई'. तो तेथे कोणाला समजावून सांगावा लागला नाही. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. मेलेल्या नऊ अतिरेक्यांची प्रेते पुरण्यास मुंबईतील मुसलमानांच्या दफनभूमीने जागा नाकारली. निरपराध माणसांना मारणारा मनुष्य आमचा नव्हे, असे तेथील मुस्लिम पुढाऱ्यांनी सांगितले. सँड्रा मुलासोबत इस्रायलला गेली. मोशे आपल्या आजी-आजोबांपाशी वाढला आणि जानेवारी २०१८ मध्ये ते घर पाहण्यास मुंबईस येऊन गेला.

इस्रायल देशाच्या राज्यकारभाराविषयी जगात तीव्र मतभेद आहेत, आणि एखाद्या सरकारवर टीका करणे हा कोणाचाही हक्क आहे. परंतु त्या सरकारावरील राग अलिबागेच्या अथवा ठाण्याच्या एखाद्या पेणकरावर काढणे, केवळ तो ज्यू आहे म्हणून, ही अगदी वेगळी गोष्ट आहे. द्वेषाला हा भेद दिसत नाही. त्याला नाव पुरते, माणूस लागत नाही.

१९५० च्या सुमारास भारतात बेने इस्रायल सुमारे वीस हजार होते. आज ते काही हजारच उरले आहेत, आणि बहुतेक मुंबई-ठाण्याकडे राहतात. इस्रायलमधील बेने इस्रायलांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. इकडे कोकणातील कित्येक गावांत घरे इतकी थोडी आहेत की, कद्दिशसाठी दहाजण जमविणे कठीण जाते. मग मुंबईहून माणसे येईपर्यंत थांबावे लागते. जून २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. तोपर्यंत जन्माच्या व विवाहाच्या नोंदीत धर्माच्या रकान्यापुढे त्यांना 'इतर' असे लिहावे लागे. आता तेथे 'ज्यू' असे लिहितात, आणि त्याच्या वरच्या ओळीत आडनाव येते नवगावकर, दिवेकर, केहिमकर.